महिना कधी संपतो

"तात्या, उठा," मुरारीदादा म्हणाला. "पाळी आमची हाय."

तात्या, माझे वडील, उठले नाहीत. पिंडीसमोर मांडी घालून ते बेलाची पानं पुसत होते. एकेक पान उलटसुलट करून बघत होते, जणू ऐकूच आलं नाही. डाव्या कानानं त्यांना खरंच ऐकू येत नसे, पण मुरारीदादा उजव्या बाजूला उभा होता.

सकाळचे सात वाजले होते. आदल्या दिवशी माघातली पौर्णिमा झाली होती. मुरारीदादा नदीवरून थेट आला होता, ओल्या पंच्यानं, खांद्यावर अभिषेकाची घागर घेऊन. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर समईत तेल घालत होतो.

"फळ्यावरची यादी बघ जा," तात्या म्हणाले. "आजपास्नं अवसंपतुर धाकटी पाती. गुरुजींचा शिक्का हाय तिच्यावर."

"यादी गेली खड्ड्यात. माघ संपलाय का? माघ आमचा हाय, आज्ज्याच्या आज्ज्यापास्नं."

"आता न्हाई."

मुरारीदादानं घागर खाली ठेवली. "ऊठ म्हंतो न्हवं," तो म्हणाला. तात्यांना त्यानं जन्मात पहिल्यांदा एकेरी हाक मारली आणि बखोटीला धरून ओढलं. तात्या साठीचे, सडपातळ. ते उठता उठता तोल जाऊन पुढं आले आणि गाभाऱ्याच्या ठेंगण्या दगडी चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. आवाज नारळ फुटल्यासारखाच आला. रक्त भुवईवरून खाली उतरलं, फरशीवर आलं आणि अभिषेकाच्या दुधात मिसळून गोमुखाकडं निघालं.

मी घागर उचलली आणि मुरारीदादाच्या पाठीत घातली. तो वळला. लहानपणी ज्यानं मला नदीत पोहायला शिकवलं त्या माणसानं माझी मान धरून तोंड नंदीच्या पाठीवर दाबलं, आणि मी धडपडायचा थांबेपर्यंत दाबून धरलं.

"कंप्युटरवाला झालास व्हय रं?" तो माझ्या कानाशी म्हणाला. "देवाची पाळी बदलतोस?"

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. नंदीच्या पाठीचा तो गार, तेलकट दगड अजून माझ्या गालाला आठवतो.

आम्ही खडकेश्वराचे गुरव. पणजोबांच्या काळी दोन भाऊ वेगळे झाले, तेव्हापासून थोरली पाती आणि धाकटी पाती. मुरारीदादा थोरल्यांचा, आम्ही धाकटे. देवाची पूजा एकाआड एक महिना वाटलेली. चैत्र त्यांचा, वैशाख आमचा, ज्येष्ठ त्यांचा, आषाढ आमचा. ऐकणाऱ्याला वाटावं, काय सोन्याच्या काट्यानं तोललीय वाटणी! पण बोटं मोजून बघा. श्रावण त्यांच्याकडं जातो. नवरात्राचा आश्विन त्यांच्याकडं. आणि माघ त्यांच्याकडं, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्रही त्यांच्याकडंच. आमच्या वाट्याला भाद्रपद आणि पौष. पौषात तर देवालाही कुणी विचारत नाही.

शिवरात्रीला आमच्या गावात देवाचा चांदीचा मुखवटा बाहेर निघतो. ज्याची पाळी, त्यानं तो डोईवर घ्यायचा आणि गावाला फेरी घालायची. बायका त्याच्या पायांवर पाणी ओततात. त्या एका दिवशी गुरव माणूस राहत नाही, देवच होतो म्हणा. धाकट्या पातीच्या एकाही माणसाच्या डोक्याला तो मुखवटा कधी लागला नव्हता.

तात्या बारा वर्षांचे असताना त्यांनी शिवरात्रीला हौसेनं त्या मुखवट्याला हात लावला. मुरारीदादाचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांनी सगळ्या गावासमोर तात्यांच्या थोबाडीत दिली. कानाचा पडदा फाटला. तो डावा कान पुढं आयुष्यभर वाहत राहिला. माझी आई लवकर गेली, त्यामुळं घरातलं मला आठवणारं माझं पहिलं काम म्हणजे तात्यांच्या कानात कापसाचा बोळा घालणं. त्या बोळ्याचा वास मला अजून ओळखता येईल.

आता या सगळ्यात संगणक कुठून आला, तर कोर्टातून. दोन्ही पात्यांची पाळीची वही होती. दर दोन वर्षांनी तिची पानं फाटायची आणि तेवढीच डोकी फुटायची. शेवटी कोर्टात तडजोड झाली. देवस्थान कमिटीनं संगणकात यादी ठेवायची, दर महिन्याला छापून फळ्यावर लावायची. तिथीवरून वाद नकोत म्हणून छापील यादीत फक्त तारीख, वार आणि पाती. कागदात वाक्य होतं, 'यंत्रातील यादी अंतिम राहील.' माणसावर विश्वास नव्हता, यंत्रावर बसला. यंत्राला भाऊबंद नसतात ना!

कमिटीचे अध्यक्ष कदम गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांना संगणक सुरू करता यायचा, बंद मात्र करता यायचा नाही. कराडला जाऊन संगणकाचा कोर्स केलेला गावात मी एकटा, म्हणून यादीचं काम माझ्याकडं. मुरारीदादाची त्याला हरकत नव्हती. उलट तोच म्हणाला होता, "सदा करंल. सदा सरळ हाय."

त्या वर्षी पौषात जुन्या संगणकाचा पडदा थरथरू लागला. तोवर मुंबईच्या एका गाववाल्यानं नवा संगणक देणगी म्हणून पाठवला. गुरुजी म्हणाले, "सदानंद, जुन्यातलं सगळं नव्यात घाल. एक अक्षर इकडचं तिकडं व्हायला नको."

मी कमिटीच्या खोलीत दोन दिवस बसलो. कुठला महिना कुठल्या पातीचा तो तक्ता, अकरा वर्षांच्या नोंदी, अधिक महिन्यांचे शेरे, सगळं जुन्यातून चकतीवर उतरवलं आणि नव्यात चढवलं. नव्यात पंचांग निराळं होतं. त्यानं गाव कुठलं, सूर्योदय कितीचा, असे पाच-सहा प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. यादी छापली. गुरुजींनी चष्मा न लावता शिक्का मारला.

त्या यादीत पौर्णिमेपर्यंत थोरली पाती होती. पौर्णिमेनंतर धाकटी. महाशिवरात्रीच्या तारखेपुढंही धाकटीच.

तात्यांच्या कपाळाला सहा टाके पडले. त्याच दुपारी कमिटीच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. मधे गुरुजी.

"एवढंच सांगा," मुरारीदादा म्हणाला, "माघ कवा संपतो?"

"अमावास्येला," गुरुजी म्हणाले.

"मग झालं तर."

"काशीला पुनवंला संपतो," तात्या म्हणाले. हे त्यांना मीच सांगितलं होतं. सगळ्या उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो. आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन वद्य, आणि आपली माघातली शिवरात्र तिकडं फाल्गुनात असते. आणि फाल्गुन आमचा होता. "काशीइश्वेश्वराला जे चालतंय, ते आमच्या खडकेश्वराला चालत न्हाई व्हय?"

"आपण काशीत राहतो का, धोंडिराम?" गुरुजींनी तात्यांना विचारलं.

"यंत्र सांगतंय, मी न्हाई. कोर्टानं काय लिवलंय? यंत्रातली यादी."

"कुठल्या यंत्रातली?" मुरारीदादानं विचारलं. "जुन्या का नव्या?"

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. तिथं तसं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांना वाटलं असणार, यंत्र म्हणजे देवासारखं, एकच असतं.

"सदानंद," गुरुजी माझ्याकडं वळले, "जुन्यात जे होतं तेच नव्यात आलंय ना?"

"तक्ता तोच आहे," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं.

गुरुजींनी निकाल दिला. जुना संगणक सगळ्यांसमोर उघडायचा. त्यात वद्य पंधरवडा थोरल्यांचा निघाला, तर शिवरात्र थोरल्यांची. नाहीतर नवी यादी कायम. पडदा बिघडलेला असल्यानं तो आधी दुरुस्त करून आणायला हवा होता. मुरारीदादानं त्याच क्षणी जुना डबा आणि पडदा पोत्यात बांधला.

"कराडला नेतो. नीट करून आणतो."

"तुझ्याकडं कशाला?" तात्या म्हणाले.

"मग काय यादी बदलणाऱ्याकडं ठिवू?"

पुढचे तेरा दिवस आमच्या आळीत कुणी शांत जेवलं नाही. दुसऱ्याच सकाळी आमच्या परसातला बेल बुंध्यातून तोडलेला सापडला. बेल तोडणारा गुरव मी त्याआधी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. तात्यांनी कोयता घेतला, भर दुपारी मुरारीदादाच्या सोप्यात शिरले आणि खुंटीवरचा तीन पिढ्यांचा पखवाज दोन्ही तोंडांनी फाडून आले. मुरारीदादाची बायको, सुमनवहिनी, मधे आली तर कोयत्याच्या मुठीनं तिचा हात बाजूला सारला. तिचं मनगट मोडलं.

त्याची वसुली माझ्याकडून झाली. ओढ्याच्या पुलावर मुरारीदादाच्या दोघा मेव्हण्यांनी मला सायकलवरून ओढलं. एकानं हात धरले, दुसरा सायकलच्या साखळीनं मारत राहिला. मारताना तो एकच वाक्य म्हणत होता, "यादी बदल. यादी बदल." माझे दोन दात गेले आणि एक बरगडी. मी यादी बदलतो म्हणालो असतो तर तिथंच सुटलो असतो. नाही म्हणालो.

घरी तात्यांनी मला शेकलं. त्यांचं टाके घातलेलं कपाळ आणि माझं सुजलेलं तोंड, दोघं बापलेक समोरासमोर बसलो की हसूच यावं. तात्या खरंच हसत होते. ते सुखात होते, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पाळी त्यांच्याकडं असल्यानं मुखवटा आमच्या घरी होता. तो मांडीवर घेऊन ते चिंचेनं घासत होते, मिशीच्या खाचा, कानातली कुंडलं, सगळं.

"सदा," ते म्हणाले, "माणसांनी दिला न्हाई, पर देवानं यंत्राच्या तोंडनं न्याय दिला बघ. एकदा डोईवर घितला की मी मराया मोकळा."

मी त्यांच्या कानातला बोळा बदलला.

शिवरात्रीला सकाळपासून देवळापुढं माणूस मावत नव्हता. मांडव घालून झाला होता. खांबांचे खड्डे खणलेली पहार कट्ट्याला टेकवून ठेवली होती. फेरी दुपारी बाराला निघायची. अकराला मुरारीदादा जीपमधून उतरला आणि खांद्यावर तो जुना पडदा घेऊन गर्दीतून आला, जसा काही तोच मुखवटा. मागं एक मेव्हणा डबा घेऊन. सभामंडपात टेबल ठेवलं, कर्ण्याच्या वायरीतून वीज घेतली.

"गुरुजी, नीट झालाय," मुरारीदादा म्हणाला. "आता सदालाच उघडाया सांगा. माझ्या हातानं नगं."

गुरुजींनी मला बोलावलं. मी बरगडीला हात लावत टेबलाशी जाऊन बसलो. समोर गाभाऱ्याच्या दारात तात्या नवं धोतर नेसून, मुखवटा दोन्ही हातांत धरून उभे होते. डोक्यावर घ्यायला गोल चुंबळ आधीच ठेवलेली होती.

यंत्र सुरू व्हायला वेळ लागला. पंखा घरघरला. आधी काळा पडदा, मग निळा. गर्दीतून कुणीतरी हर हर महादेव म्हणालं आणि चारजण हसले. मी यादी उघडली. माघ. शुद्ध पक्ष, थोरली. वद्य पक्ष, थोरली. चतुर्दशीपुढं लाल अक्षरात 'महाशिवरात्र', आणि त्यापुढं थोरली.

मुरारीदादानं पडद्याजवळ तोंड नेलं. त्याला वाचायला वेळ लागायचा. बोट अक्षरांवरून फिरवत तो मोठ्यानं वाचू लागला, "माघ... वद्य... चतु..."

गुरुजी उभे राहिले. तात्या मुखवटा धरून माझ्याकडं बघत होते. फक्त माझ्याकडं. त्यांना त्या पडद्यावरचं दिसत नव्हतं, ते माझ्या तोंडावर वाचत होते.

तेव्हा मी म्हणालो, "हा डबा तेरा दिवस दादाकडं होता."

एवढंच. हेही खोटं नव्हतं.

तात्यांनी मुखवटा उंबऱ्यावर ठेवला, उलटा नाही, सुलटा, नीट. त्यांनी कट्ट्याची पहार घेतली आणि तीन पावलांत टेबलाशी आले. "बदलून आणलास," ते म्हणाले. "बापानं कान फोडला आन् तू बदलून आणलास." मुरारीदादानं मान वर केली नाही, त्याचं बोट अजून अक्षरावरच होतं. पहार पडद्यावर बसली.

जुन्या पडद्यांची काच जाड असते आणि आत पोकळी. ते फुटत नाहीत, उडतात. स्फोट झाला, मांडव हादरला, निळी ठिणगी उठली. मी खुर्चीसकट मागं पडलो. उठलो तेव्हा मुरारीदादा टेबलावर हात टेकून तसाच वाकलेला उभा होता. त्याच्या उजव्या डोळ्यात बोटाएवढी काच उभी होती. ती काढायला त्यानं हात वर नेला, हाताला लागली, तसा हात थांबला. "सदा," तो म्हणाला, "लाईट गेली काय रं?"

मग मेव्हण्यांनी तात्यांना खाली घेतलं. लाथा, चपला, मांडवाचे बांबू, जे मिळेल ते. तात्यांनी हात उचलला नाही. बांबू बसत असतानाही ते एकच म्हणत होते, "यादीत माझं नाव हाय. बघा की. नाव हाय माझं." सुमनवहिनी प्लास्टरच्या हातानं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचं लुगडं पोटापासून गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

त्या वर्षी मुखवटा निघाला नाही. उंबऱ्यावर पडून राहिला.

मुरारीदादाचा उजवा डोळा त्याच दिवशी काढला. एका डोळ्याच्या दुखण्यानं दुसराही जातो म्हणे, तसा चार महिन्यांत डावाही गेला. तात्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. कोर्टानं पहारीचं विचारलं, माघाचं विचारलं नाही. गुरुजींनी कराडहून जाणकार माणूस आणून नवं यंत्र तपासलं. त्यात उत्तरेकडचं पंचांग लागलंय, असं तो म्हणाला आणि दोन मिनिटांत ते नीट करून गेला. गावानं कपाळावर हात मारला. "संगणक चुकला," सगळे म्हणाले. "पोरानं बिचाऱ्यानं मार खाल्ला, पण चूक यंत्राची." मी मान हलवली.

तात्या पाचव्या वर्षी तुरुंगात वारले. दर भेटीत ते जाळीतून एकच सांगायचे, की मुरारीनं यादी बदलून आणली, तू सोडू नकोस. मी बरं म्हणायचो.

मी गाव सोडलं. तालुक्याला संगणक-मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या महिन्यांची पूजाही मुरारीदादाच करू लागला, चाचपडत, वहिनीच्या हाताला धरून. गावानं सांगून बघितलं, की आता सगळेच महिने तुझे म्हण. तो ऐकेना. वैशाख, आषाढ, भाद्रपद, आमचा कुठलाही महिना लागला की पहिल्या दिवशी देवापुढचा पहिला नारळ कुणाच्या तरी हाती माझ्या घरी यायचा. निरोप ठरलेला, "धाकट्या पातीचा मान." बायको नारळ फोडायची, वडी करायची. ती वडी माझ्या घशाखाली कधी सरळ उतरली नाही.

गेल्या पौषात तो स्वतः दुकानात आला. वहिनी त्याला खुर्चीत बसवून बाजार करायला गेली. काळा चष्मा, पांढरी दाढी, तोंडात सुपारी. त्यानं पिशवीतून दोन फोन काढले, एक झिजलेला, एक कोरा. दोन्ही बोलके, पडद्यावरचं वाचून दाखवणारे.

"पोरीनं नवा पाठवला," तो म्हणाला. "ह्या जुन्यातली पाळ्यांची यादी त्यात घालून दे. दुसऱ्या कुणाकडं दिली न्हाई. पुन्हा घोळ नगं."

"बसा दादा. पाच मिनिटांचं काम."

यादी जुन्यातून काढली, नव्यात घातली. नव्यातलं पंचांग उघडलं. आवाज बंद करायचा मी विसरलो. विसरलो की मुद्दाम राहू दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोन खणखणीत बोलला, "महिना कधी संपतो? अमावास्येला की पौर्णिमेला? एक निवडा."

मुरारीदादाची सुपारी थांबली.

"काय इचारलं त्यानं?"

फोन थांबला नाही. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं, एवढंच त्याला ठाऊक. "महिना कधी संपतो? अमावास्येला की पौर्णिमेला? एक निवडा."

"सदा. हे समद्याच यंत्रांत इचारत्यात?"

"हो."

"तवा बी इचारलं हुतं?"

समोरच्या हॉटेलात कपबशा धुतल्याचा आवाज येत होता.

"हो, दादा."

"मग तू काय सांगितलंस?"

"आधी अमावास्या. यादी बघितली, शिवरात्रीला तुम्ही. मग पौर्णिमा दाबून बघितलं, तर शिवरात्रीला आम्ही. परत अमावास्या दाबली. तीन-चार वेळा केलं तसं." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तात्या बाहेर पायरीवर बसले होते. कानात बोळा. मला वाटलं, एकच वर्ष. एकदाच डोईवर घेऊ दे. पुढच्या वर्षी पुन्हा अमावास्या करू, कुणाला कळणार नाही."

नंतर त्यानं जे विचारलं, ते मी सतरा वर्षांत एकदाही मनात तयार करून ठेवलेलं नव्हतं.

"तात्याला म्हाईत हुतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही. तुम्हीच यादी बदलून आणली, असं समजून गेले."

"त्याची तिरडी माझ्या दारावरनं गेली," मुरारीदादा म्हणाला. "म्या थुकलो तिच्यावर. सुमन हात धरत हुती, तरी थुकलो."

त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. हात पुढं केला. माझा खांदा सापडला, मान सापडली. त्या हातानं माझी मान एकदा धरली होती. बोटं गालावरून वर आली, भुवईवर थांबली, आणि अंगठा माझ्या उजव्या डोळ्याच्या पापणीवर टेकला. त्यानं दाबला. आधी हलका, मग जोरात, मग डोळ्यात लाल, पिवळं, काळं काय काय फुटू लागेपर्यंत. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले होते, ते तसेच ठेवले. मला वाटलं, होऊन जाऊ दे.

अंगठा निघाला. त्यानं तो धोतराला पुसला.

"अवस दाब," तो म्हणाला.

मी दाबली.

पुढं फाल्गुन लागला. फाल्गुन आमचा महिना, पण नारळ आला नाही. चार दिवसांनी वहिनीचा फोन आला, दुसऱ्याच कुठल्या कामाचा. तिच्या बोलण्यातून कळलं, की मुरारीदादानं या वेळी देवापुढचा पहिला नारळ स्वतः उचलला, तिचा हात धरून ओढ्यापलीकडं गेला, आणि तात्यांना जिथं अग्नी दिला होता तिथल्या दगडावर फोडून आला.

आमच्या घरी पुन्हा नारळ आला नाही.